दलाली, संरक्षण व अणुऊर्जा व्यवहारांतील

शस्त्रास्त्रे, लढाऊ विमाने, पाणबुड्या, अणुभट्ट्या व अणुइंधन यांच्या आंतरराष्ट्रीय खरेदीत, विक्रेत्याने कंत्राट मिळावे म्हणून मध्यस्थामार्फत दिलेला किंवा दिल्याचा संशय असलेला मोबदला. बोलीभाषेत यालाच कमिशन किंवा टक्केवारी म्हणतात. दलाली आणि लाच या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. प्रतिनिधीला ठरावीक टक्के देणे अनेक देशांत वैध आहे; त्यातला वाटा निर्णय घेणाऱ्या मंत्र्याकडे वा अधिकाऱ्याकडे पोहोचला, तर ती लाच. पैसे मध्यस्थापर्यंत गेल्याचे कागद सापडतात, पुढचा प्रवास मात्र क्वचितच सापडतो. त्यामुळे या विषयातील बहुतेक प्रकरणे वर्षानुवर्षे ‘संशयित’ याच सदरात राहिली आहेत.

या प्रथेचा आरंभ केव्हा मानायचा याविषयी एकमत नाही. अनेक लेखक तो १९७५-७६ मधील लॉकहीड प्रकरणापासून, म्हणजे लॉकहीड या अमेरिकी विमानकंपनीने जपान व अन्य देशांत लाच दिल्याच्या प्रकरणापासून, धरतात. परंतु व्हिकर्स व सीमेन्स या कंपन्यांनी जपानी नौदलाधिकाऱ्यांना पैसे चारल्याचे १९१४ मध्ये उघड होऊन तेथील यामामोतो मंत्रिमंडळ कोसळले होते. त्या प्रकरणात ‘कोंगो’ या युद्धनौकेच्या खरेदीत मित्सुई ही व्यापारी पेढी मध्यस्थ होती. शस्त्रनिर्मात्या कंपन्या स्वदेशी व परदेशी अधिकाऱ्यांना लाच देऊ पाहतात, असा ठपका राष्ट्रसंघाच्या आयोगानेही १९२१ मध्ये ठेवला होता. लॉकहीड प्रकरणात मित्सुईच्या जागी मारुबेनी आली, रचना तीच राहिली. हे पाहता आरंभ मागे नेणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या मताला आधार आहे तो कायद्याचा : परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे हा गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेने लॉकहीडनंतर, १९७७ मध्ये केला. जर्मनीत तर अशी लाच १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यवसायाचा खर्च म्हणून करासाठी वजा दाखवता येत असे.

लॉकहीड प्रकरणातील पावत्या प्रसिद्ध आहेत. ‘शंभर शेंगदाणे मिळाले’ अशा मजकुराच्या त्या पावत्यांत एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना ५० कोटी येन घेतल्याबद्दल १९८३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली; अपील प्रलंबित असतानाच १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. तानाका दोषी ठरले ते ट्रायस्टार या प्रवासी विमानांच्या व्यवहारात. संरक्षण दलालीचे नमुनेदार उदाहरण म्हणून हे प्रकरण सर्रास दिले जाते, तेव्हा हा तपशील गळतो.

अणुऊर्जेत संशयाला वेगळे कारण आहे. अणुभट्टीला बाजारभाव नसतो. विक्रेते मोजके, प्रत्येकाचा आराखडा वेगळा, कर्ज बहुधा विक्रेत्या देशाच्याच बँकेचे. त्यामुळे वाढीव किंमत कशाशी ताडून पाहायची हा प्रश्न उरतो. फिलिपीन्समधील बातान अणुकेंद्र हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीने बांधलेल्या ६२१ मेगॅवॉटच्या या केंद्रावर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. १९८६ मधील सत्तांतर व चेर्नोबिल दुर्घटना यांनंतर ते सुरूच करण्यात आले नाही. त्यातून एक युनिट वीजही विकली गेली नाही, कर्जाचे हप्ते मात्र २००७ पर्यंत चालले. लाच दिल्याच्या आरोपातून अमेरिकेतील ज्यूरीने १९९३ मध्ये कंपनीला मुक्त केले. उलट फिलिपीन्सच्या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने २०१२ मध्ये मार्कोस यांचे निकटवर्ती हेर्मिनियो दिसिनी यांना सुमारे पाच कोटी डॉलर परत करण्याचा आदेश दिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दलाली गैरमार्गाची असल्याचे मान्य केले, पण नेमका आकडा सिद्ध झाला नाही म्हणून त्याऐवजी १०० कोटी पेसोंची भरपाई ठरवली.

कॅनडाच्या कँडू अणुभट्ट्या अर्जेंटिना व दक्षिण कोरियाला विकताना मध्यस्थांना दिलेल्या रकमांवर कॅनडाच्याच महालेखापरीक्षकांनी १९७६ मध्ये आक्षेप घेतले होते. अणुइंधन वाहतुकीच्या क्षेत्रात रशियाच्या टेनेक्स या सरकारी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला अमेरिकेत २०१५ मध्ये ४८ महिन्यांची कैद झाली. कंत्राटांच्या बदल्यात वीस लाखांहून अधिक डॉलर फिरवण्याचा हा कट होता आणि ईमेलमध्ये त्या पैशाचे नाव होते ‘केक’.

भारतात हा विषय बोफोर्स या एका शब्दाने ओळखला जातो. २४ मार्च १९८६ रोजी बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी भारताचा १५५ मिमी. तोफांचा १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. ए. ई. सर्व्हिसेस या मध्यस्थ कंपनीशी बोफोर्सने नोव्हेंबर १९८५ मध्ये केलेला करार येथे बारकाईने पाहण्याजोगा आहे. कंत्राट ३१ मार्च १९८६ पूर्वी मिळाले तर तीन टक्के, अशी त्यात अट होती. मुदतीला सात दिवस उरले असताना तोफांच्या करारावर सह्या झाल्या. दिलेल्या रकमा जुन्या प्रतिनिधींचे काम गुंडाळण्याचा खर्च आहेत, असा खुलासा बोफोर्सने केला. दिल्ली उच्च न्यायालयाने लाचेचे आरोप २००४ मध्ये रद्द केले. त्याविरुद्ध नव्हे, पण उरलेले आरोपही रद्द करणाऱ्या याच न्यायालयाच्या २००५ मधील निकालाविरुद्ध सीबीआयने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये विलंबामुळे फेटाळले. दरम्यान प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने दोन मध्यस्थांना सुमारे ४१ कोटी रुपये दलाली मिळाल्याचे व तीवर कर देय असल्याचे नमूद केले. म्हणजे करासाठी दलाली सिद्ध, फौजदारीसाठी लाच असिद्ध.

ऑगस्टा वेस्टलँड व्यवहारात (२०१०, १२ हेलिकॉप्टर) वाद तांत्रिक अटीवरून पेटला. उड्डाणाची आवश्यक उंची ६,००० मीटरवरून ४,५०० मीटर केल्यामुळेच हे हेलिकॉप्टर पात्र ठरले, असा तपासयंत्रणांचा आरोप आहे. भारताने हा करार जानेवारी २०१४ मध्ये रद्द केला. इटलीत ऑगस्टा वेस्टलँडच्या मालक कंपनीचे माजी प्रमुख प्रथम लाचेतून सुटले, अपिलात दोषी ठरले, फेरसुनावणीत २०१८ मध्ये निर्दोष ठरले.

कधी तपासच थांबतो. ब्रिटन व सौदी अरेबिया यांच्यातील अल-यमामा शस्त्रव्यवहाराची चौकशी डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन बंद करण्यात आली. या व्यवहारातील ब्रिटिश विक्रेती बीएई कंपनी हिने २०१० मध्ये अमेरिकेत ४० कोटी डॉलर दंड भरला, तो खोटी निवेदने केल्याबद्दल, लाचेबद्दल नव्हे.

जागतिक व्यापारातील एकूण भ्रष्टाचारापैकी सुमारे ४० टक्के शस्त्रव्यापारात होतो, हे विधान वारंवार उद्धृत होते. ते गेल्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकी सरकारी माहितीवरून काढलेले अनुमान असल्याने जपूनच वापरावे.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा लाचविरोधी करार १९९७ चा. भारत त्यात सामील नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला भारताने २०११ मध्ये संमती दिली. २००६ च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेने १०० कोटी रुपयांवरील करारांसाठी सचोटी करारनामा सक्तीचा केला. त्यात विक्रेता लाच न देण्याची व मध्यस्थांविषयीची हमी लिहून देतो. या प्रकल्पासाठी आपण खास प्रतिनिधी नेमलेला नाही, असे बोफोर्सनेही मार्च १९८६ मध्ये लेखी कळवले होते.