थ्री नॉट थ्रीच्या अंगावरचे ठसे

पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री म्हणजे मूळची ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल. भारतात ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात घडायची. दस्त्याचं लाकूड जिथं पोलादाला मिळतं, तिथं उजव्या बाजूला तिची जन्मपत्रिका असते: वर मुकुट, त्याखाली जी.आर.आय., मग ईशापूर, साल आणि मॉडेल. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि सोबत आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर.

पण हे साल सबंध रायफलीचं नव्हे, फक्त त्या मुख्य सांगाड्याचं. सगळ्यात आधी बाद होते ती नळी, आणि त्याला कारण रसायनाचं. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते पेटलं की नळीत पोटॅशियम क्लोराईड हे क्षार उरतात. मिठासारखेच ते हवेतली ओल ओढून घेतात आणि पोलादाला गंज चढतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, म्हणून गोळीबारानंतर सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत. ज्यानं कंटाळा केला, त्याची रायफल कारखान्यात परत जायची.

तिथं ती पूर्ण उघडली जाई. नवी नळी बसे. तिच्या मागच्या जाड भागावर तिचं स्वतःचं साल असतं, ते लाकूड उतरवल्यावरच दिसतं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बसवला, तर त्यावरच्या जुन्या नंबरावर आडवी रेघ मारून शेजारी नवा नंबर ठोकत. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, पुढं लाकडातून आरपार एक जादा स्क्रू दिसला, तर ती ईशापूरची खास खूण: लाकूड चिरू नये म्हणून केलेली मजबुती. शेवटी एफ.आर., म्हणजे फॅक्टरी रिपेअर, असा शिक्का आणि साल. संग्राहक सगळे नंबर जुळणाऱ्या रायफलीमागं धावतात. मला रेघ मारलेला नंबरच मोलाचा वाटतो, कारण जुळणारे नंबर दुरुस्तीतही ठोकलेले असू शकतात, पण रेघेखालचा नंबर खोटं बोलत नाही.

१९६२ च्या युद्धानंतर ईशापूरनं याच घाटाची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. ती जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून ती अधिक मजबूत पोलादातून नव्यानंच घडवली. तिचं चौकोनी मॅगझिन १२ गोळ्यांचं आहे.

आणि कुणी नंबर कानशीनं घासूनच टाकला तर? ठसा ठोकताना पोलाद फक्त दबत नाही. खड्ड्याच्या तळाखालचे स्फटिकही वेडेवाकडे होतात, आणि हा ताण दिसणाऱ्या आकड्यापेक्षा खोल जातो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग आरशासारखा घासून त्यावर कॉपर क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण बोळ्यानं फिरवतात. ताणलेलं पोलाद आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या वेगानं झिजतं, आणि हळूहळू आकडा उमटू लागतो. चोरीच्या गाड्यांचे चासी नंबरही याच पद्धतीनं वाचतात. मात्र घासणाऱ्यानं ताणाच्या थरापलीकडं धातू काढला असेल, किंवा वेल्डिंगनं तो लालबुंद तापवला असेल, तर काही उमटत नाही: उष्णतेनं स्फटिक नव्यानं जुळतात आणि ताण निघून जातो.