ठोकलेली गाडी आणि ठोकून पाहिलेली गाडी

मॅकलॅरेन एफ1 या सुपरकारच्या सुरुवातीच्या नमुना-गाड्यांना एक्सपी1, एक्सपी2 अशी रूक्ष नावं होती. एक्सपी1 नामिबियातल्या उन्हात चाचणी चालू असताना 1993 मध्ये अपघात होऊन जळाली. एक्सपी2 क्रॅश टेस्टसाठी वापरली गेली आणि त्यातच संपली. दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, पण पहिलीचा कुणी विचारही केला नव्हता आणि दुसरीचा दिवस आधीच ठरला होता.

चेचलेल्या सुपरकारचा फोटो दिसला की कुणीतरी विचारतंच: "कंपनी एवीतेवी भंगारात टाकणार, मग स्वस्तात आम्हालाच द्या की!" या प्रश्नात दोन वेगळ्या गाड्यांची गल्लत आहे. लिलावात दिसते ती रस्त्यावर ठोकलेली. कारखान्याने ठोकून पाहिलेली तिथे सहसा येतच नाही.

रस्त्यावरच्या गाडीला मालक असतो, नोंदणी असते, विमा असतो. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या आवाक्याबाहेर गेला की विमा कंपनी तिला टोटल लॉस ठरवते, मालकाला पैसे देते आणि मोडकी गाडी विकते. ती कितपत वापरता येईल याचे नियम देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये 2017 पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे अख्खी गाडी चिरडायची. बी म्हणजे सुटे भाग काढून घ्यायचे, पण बॉडी चिरडायचीच. एस आणि एन दुरुस्त होऊन रस्त्यावर येऊ शकतात. एसमध्ये सांगाड्याला मार लागलेला असतो, एनमध्ये नसतो.

आता गंमत अशी, की गाडी जितकी दुर्मिळ तितकी ती टोटल लॉस ठरणं अवघड. अभिनेता रोवन अॅटकिन्सनने 2011 मध्ये आपली मॅकलॅरेन एफ1 झाडावर घातली. विम्यातून दुरुस्तीवर सुमारे 9 लाख 10 हजार पौंड खर्च झाले. साध्या गाडीची एवढी मोडतोड झाली असती तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. इथे मात्र वर्षाहून जास्त काळ काम चाललं, आणि 2015 मध्ये ती सुमारे 80 लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या. अशा गाडीची किंमतच दुरुस्तीचा खर्च पोटात घेते.

चाचणीच्या गाडीचा हिशोबच निराळा. ती विकण्यासाठी बनलेलीच नसते. युरोपातल्या नियमानुसार समोरच्या धडकेत गाडीच्या रुंदीचा 40 टक्के भाग ताशी 56 किलोमीटरने अॅल्युमिनियमच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीच्या अडथळ्यावर आदळतो. बाजूच्या धडकेत ताशी 50 किलोमीटरने येणारी ट्रॉली दारात घुसते. आगीचा धोका नको म्हणून टाकीत पेट्रोलऐवजी दुसरा द्रव भरलेला असू शकतो. आत माणसांच्या जागी बसवलेले पुतळे म्हणजे डमी, सेन्सर, वायरींचं जंजाळ. धडक निमिषात संपते, खरं काम नंतर सुरू होतं: मोजमापं घ्यायची, भाग सुटे करायचे, कुठे वाकलं आणि कुठे तुटलं ते पाहायचं. डमी पुन्हा कामाला येतात. गाडी मात्र आता गाडी कमी आणि पुरावा जास्त असते. अभ्यास उरकला की ती बहुधा चिरडली जाते.

मग विकत का नाहीत? ग्राहकाला विकायच्या गाडीची मंजुरी आणि कागदपत्रं अनेकदा तिच्याजवळ नसतात, आणि ती रस्त्यावर येऊन कुणाला इजा झाली तर बोट कंपनीकडेच जाणार. ही भीती किती खोल असते ते 2014 मध्ये दिसलं. क्रायस्लरने शिक्षणसंस्थांना शिकवण्यासाठी दिलेल्या डॉज व्हायपर या स्पोर्ट्स कार नष्ट करायला सांगितल्या. त्या क्रॅश टेस्टच्या नव्हत्या, धडधाकट होत्या. वॉशिंग्टन राज्यातल्या ओलिंपिया इथल्या एका महाविद्यालयात तर 1992 ची अगदी सुरुवातीची व्हायपर होती. विद्यार्थ्यांनी जिवापाड जपलेल्या गाड्या चिरडायच्या म्हटल्यावर आरडाओरडा होणारच होता, झालाही. धडधाकट नमुन्यांची ही गत, तर भिंतीवर आपटलेल्या कार्बन फायबरच्या टबला, म्हणजे माणसं बसतात त्या मुख्य सांगाड्याला, कोण बाहेर सोडणार?

लहान कंपन्यांना मात्र चिरडणंही परवडत नाही. स्वीडनच्या कोनिगसेगने रेगेरा या सुपरकारच्या 80 च गाड्या बनवायच्या ठरवल्या होत्या. तेवढ्यासाठी डझनभर गाड्यांचा चुराडा करणं म्हणजे आंबे येण्याआधीच आमराई तोडणं. म्हणून आधी कॉम्प्युटरवर धडका घ्यायच्या आणि प्रत्यक्षात कार्बन फायबरचा एकच टब अनेक चाचण्यांना वापरायचा: पुढचे चुरडणारे भाग बदला, पत्रे बसवा, पुन्हा आपटा. माझ्या मते सुपरकारच्या मजबुतीची याहून बोलकी जाहिरात नाही. (सुरक्षिततेनुसार गाड्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे तारे अशा गाड्यांना क्वचितच मिळतात, पण तारे नाहीत म्हणजे चाचणीच झाली नाही असं नव्हे. सक्तीची चाचणी वेगळी, तारे देणारी वेगळी.)

क्वचित एखादी सुटते. पगानी कंपनीच्या झोंडा सी12 या सुपरकारची 001 क्रमांकाची चॅसी मंजुरीच्या क्रॅश टेस्टसाठी वापरली गेली होती. पुढे कंपनीनेच ती पुन्हा उभी केली, विकण्यासाठी नाही, तर झोंडाची 20 वर्षं साजरी करण्यासाठी.