प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही

इंदूरहून मांडू, महेश्वर किंवा ओंकारेश्वरला मोटरसायकलने जाणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: "मागचा शॉकअप नरम होता, दोन खाचा फिरवून कडक करून घेतला." हे वाक्य चुकीचे आहे, आणि याच समजुतीपायी लोक महागडे शॉकअप घेऊनही मूळ तक्रारीपाशीच परत येतात. स्प्रिंगच्या टोकाशी असलेली खाचांची कडी फिरवल्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब, वाढतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरलेला असतो, आणि कोणत्याही पान्याने तो बदलता येत नाही.

स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअपमधले तेल तिची उसळी आवरते, एवढे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बाजूला डबा असलेल्या शॉकअपमधला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावरही तेलाचे काम ढिले पडत नाही. वजन पेलणे हे मात्र या गॅसचे काम नव्हे, आणि दुकानात कोणी "गॅसवाला घ्या, वजन चांगले घेतो" असे सांगू लागला की मला मनापासून राग येतो.

मुख्य घोटाळा आकड्यांतून चांगला उलगडतो. समजा, एक मिलिमीटर दबायला 2 किलो वजन लागणारी स्प्रिंग आहे आणि ती शॉकअपमध्ये 10 मिलिमीटर दाबून बसवली आहे. तिच्यावर 60 किलो भार आला, तर ती एकूण 30 मिलिमीटर दबेल. त्यातले 10 आधीच दबलेले असल्यामुळे शॉकअप 20 मिलिमीटर खाली जाईल. आता कडी फिरवून प्रीलोड 20 मिलिमीटर केला, तर त्याच भाराखाली शॉकअप 10 मिलिमीटरच बसेल, म्हणजे गाडी मागून उंच राहील. पुढे खड्डा आला आणि त्याने आणखी 40 किलोचा भार टाकला, तर दोन्ही वेळा शॉकअप आणखी 20 मिलिमीटरच दबेल. खड्ड्याला दिलेले उत्तर तेच राहिले, फक्त गाडी उभी राहण्याची जागा बदलली. हेच मिलिमीटरला अडीच किलो मागणाऱ्या स्प्रिंगवर झाले असते, तर त्या खड्ड्यात शॉकअप 16 मिलिमीटर दबला असता, आणि कडकपणा म्हणायचा तो याला.

मग खाचा फिरवल्यावर गाडी कडक का वाटते? एक तर शॉकअप वर उभा असल्यामुळे तळाला आपटेपर्यंत त्याला जास्त वाव मिळतो. दुसरे कारण अधिक फसवे आहे. गाडीवर एकटाच माणूस असेल आणि स्प्रिंगवरचा भार प्रीलोडच्या दाबापेक्षा कमी पडत असेल, तर शॉकअप पूर्ण ताणलेल्या अवस्थेत अडकून राहतो. लहान धक्के तसेच पाठीपर्यंत पोहोचतात आणि खोलगट जागेत चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. आमचे बहुतेक प्रवास आम्हा दोघांचे, सामानासकट. महूकडून जाम घाट उतरून मंडलेश्वरकडे जाताना मागचा शॉकअप वारंवार तळाला आपटत होता, म्हणून एका मेकॅनिकने कडी शेवटच्या खाचेवर नेऊन दिली. आपटणे थांबले, पण मी एकटा निघालो की पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मणक्यात कळ येऊ लागली. शेवटी अंगणात टेप घेऊन बसलो. मागच्या ॲक्सलच्या नटापासून सीटखाली खडूने केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर, गाडी मधल्या स्टँडवर आणि चाक अधांतरी असताना, 548 मिलिमीटर भरले. रिकामी गाडी चाकांवर उभी केल्यावर ते 546 झाले आणि आम्ही दोघे सामानासह बसल्यावर 506.

चाकाची एकूण हालचाल 120 मिलिमीटर असल्याने भारासह 42 मिलिमीटर बसणे, म्हणजे साधारण एक तृतीयांश, अगदी योग्य होते. रिकामी गाडी मात्र दोनच मिलिमीटर बसत होती. ती दहाच्या आसपास बसायला हवी. भारासहचा आकडा बरोबर असूनही रिकामी गाडी बसत नसेल, तर स्प्रिंग नरम आहे आणि प्रीलोडच्या जोरावर उचलून धरलेली आहे. उलट, रिकामी गाडीच वीस-पंचवीस मिलिमीटर बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. हे बहुतेकांना उलटे वाटते, परंतु कडक स्प्रिंगला प्रीलोड थोडाच द्यावा लागतो, म्हणून ती गाडीच्या स्वतःच्या वजनाखाली मोकळेपणी बसते.

म्हणूनच नवा शॉकअप घेताना स्वतःचे हेल्मेट-जॅकेटसह वजन, मागे बसणाऱ्याचे वजन आणि सामान हे तीन आकडे सांगून त्यानुसार स्प्रिंग मागावी. वजनानुसार स्प्रिंग निवडू न देणारा शॉकअप, त्याचा डबा कितीही चमकदार असला, तरी मी घेणार नाही. नेहमीच्या भाराला स्प्रिंग बसवावी आणि अधूनमधूनच्या फरकासाठी प्रीलोड वापरावा. एकट्याने आणि दुकट्याने आलटूनपालटून फिरणाऱ्याने हाताने फिरवायच्या मुठीचा हायड्रॉलिक प्रीलोड घेतला, तर तो खर्च वाया जात नाही. मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत, चाक आणि शॉकअप यांच्या हालचालीचे प्रमाण प्रत्येक गाडीत वेगळे असते, त्यामुळे मित्राच्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. जुन्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण तिची वाढलेली उसळी आवरण्याइतका रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत ताणताना तेलाने केलेला अटकाव, त्या थकलेल्या तेलात राहिलेला नसतो आणि गाडी घाटाच्या वळणावर मागून डुलू लागते.