चित्त्याचे आठ डबे

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी तसलाच व्हिडिओ येतो. रात्रीचा सीसीटीव्ही, कंपाउंडची भिंत आणि भिंतीवरून अलगद उतरणारं ठिपक्यांचं जनावर. खाली मेसेज: ‘चित्ता आलाय, मुलांना खाली सोडू नका!’ काळजी बरोबर, जनावर चुकीचं. आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात राहतो तो बिबट्या. त्याच्या अंगावरचे डाग मधून पोकळ, फुलासारखे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, गोल, काजळाची तीट लावल्यासारखे. शिवाय दोन्ही डोळ्यांपासून तोंडापर्यंत एकेक काळी रेघ, जणू तेच काजळ ओघळलंय.

भिंत चढणं, शिकार झाडावर ओढून नेणं, भटक्या कुत्र्यांवर गुजराण करणं हे सगळं बिबट्याला जमतं, म्हणूनच तो मुंबईत टिकला. चित्त्याचं शरीर एकाच कामासाठी घडलंय. त्याची नखं मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत. धावपटूच्या बुटाच्या खिळ्यांसारखी जमिनीत रुततात. कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. मोठी फुफ्फुसं, रुंद नाकपुड्या, लहान डोकं, हलकी हाडं. डरकाळी त्याला फोडता येत नाही. तो गुरगुरतो, आणि पिल्लांना हाक मारताना चक्क पक्ष्यासारखा चिवचिवतो.

आता वेगाचं. शाळेत आपण ताशी ११०-१२० किलोमीटर पाठ केलं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचे ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट्सवानातल्या ५ रानटी चित्त्यांच्या गळ्यात खास पट्टे बांधले आणि ३६७ धावा मोजल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर, पण बहुतेक पाठलागांत तो याच्या जवळपासही जात नव्हता. एका धावेची सरासरी लांबी १७३ मीटर. म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलचे जेमतेम आठ डबे! तेवढ्यात हरीण हाती लागलं तर लागलं, आणि साधारण चारातली एकच धाव फळाला येत होती.

खरी कमाल निघाली ती वेग वाढवण्यात आणि तितकाच झटकन कमी करण्यात. हरीण जीव वाचवायला एकदम वळतं. मागचा सुसाट आला तर पुढे निघून जाणार, चर्चगेटची फास्ट लोकल छोट्या स्टेशनावरून जाते तशी. म्हणून चित्ता शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो, लांब चपटी शेपटी सुकाणूसारखी फिरवतो आणि हरणाबरोबर वळतो. मला तर त्या ९३ पेक्षा हा ब्रेकच जास्त थक्क करतो.

‘अंग तापतं म्हणून चित्ता धाव सोडून देतो’ हेही आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते मूळचं ट्रेडमिलवर पळवलेल्या चित्त्यांवरच्या प्रयोगातलं. पुढे मोकळ्या रानात चित्त्यांच्या शरीरात तापमापक बसवून पाहिलं, तेव्हा धावताना तापमान फारसं वाढलेलं दिसलं नाही. ते चढलं शिकार साधल्यानंतर, शांत बसल्यावर. संशोधकांचा अंदाज असा, की हा ताण भीतीचा असावा: आता सिंह येईल, बिबट्या येईल. भीती खोटी नाही. तरस आले की चित्ता बहुधा ताटावरून उठतो. भांडणात पाय मोडला तर पुढची शिकार कशी करणार?

पिल्लांचे हाल तर विचारू नका. आई एकटी, ३ ते ५ पिल्लं गवतात लपवून शिकारीला जाते आणि दर थोड्या दिवसांनी जागा बदलते. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मैदानात झालेल्या एका अभ्यासात २० पिल्लांमागे जेमतेम एक मोठं झालं. बहुतेकांना सिंहांनी मारलं. नर भाऊ मात्र बरेचदा जन्मभर टोळी करून राहतात.

भारतात १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. एके काळी कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी १२.

मग पहिला पावसाळा आला. आपण छत्र्या काढतो तो जून-जुलै म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा. चित्त्यांच्या शरीराला देश बदलल्याचा पत्ता नव्हता. सवयीप्रमाणे अंगावर दाट केस उगवले. त्या केसांत पावसाची ओल धरली, माग ठेवण्यासाठी गळ्यात बांधलेल्या पट्ट्यांखालच्या कातडीला जखमा झाल्या, माश्यांनी अंडी घातली आणि अळ्या पडल्या. जंतुसंसर्गाने काही चित्ते दगावले. उरलेल्यांना पकडून पुन्हा कुंपणाच्या आत आणावं लागलं, पट्टे काढून प्रत्येकाची मान तपासावी लागली. पुढच्या वर्षी पाऊस सुरू होण्याआधीच त्यांच्या अंगावर माश्यांपासून बचावाचं औषध लावलं गेलं.