न दाखवलेली खातेवही: नव्या कूटचलनाची पत कशी ठरते

जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरीनामध्ये हजारोंच्या जमावासमोर रुजा इग्नातोव्हा या वनकॉइन नावाच्या कथित कूटचलनाच्या संस्थापिका बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वर्षांनी बिटकॉइनचे नावही कोणी काढणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांच्याजवळ कायद्यातील डॉक्टरेट होती, देशोदेशी पसरलेले विक्रेत्यांचे जाळे होते, अभ्यासक्रमांच्या नावाखाली विकली जाणारी पॅकेजे होती आणि टाळ्या वाजवणारी भरगच्च सभागृहे होती. ब्रँड म्हणून जे जे लागते ते सारे होते. नव्हती ती फक्त खातेवही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या, जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यांचे नाव सर्वाधिक हव्या असलेल्या दहा फरारींच्या यादीत घातले, आणि अमेरिकी तपास यंत्रणांच्या हिशेबानुसार लोकांचे सुमारे ४ अब्ज डॉलर बुडाले.

कूटचलन म्हणजे मुळात एक सार्वजनिक खातेवही असते. तिची प्रत कोणालाही आपल्या संगणकावर उतरवून घेता येते आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत ताडून पाहता येते. वनकॉइनची अशी वही बाहेरच्या कोणालाही कधी पाहायला मिळाली नाही. नाण्याचा भाव कंपनीच ठरवत होती आणि ग्राहकाच्या पडद्यावर दिसणारे आकडे हे कंपनीच्याच सर्व्हरवर लिहिलेले आकडे होते. वही दाखवा, एवढी एक मागणी केली असती तरी सारा प्रकार उघडा पडला असता. काहींनी ती केलीही होती. परंतु ज्यांनी पैसे गुंतवले होते त्यांना ती मागणी म्हणजे हितशत्रूंचा कांगावा वाटला.

असे का होते, याचे एक उत्तर मानसशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. रॉबर्ट झायंस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादा अर्थहीन शब्द किंवा अनोळखी चिन्ह केवळ वारंवार समोर आले तरी ते माणसाला अधिक आवडू लागते. १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली, ती म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकलेले विधान, खरे असो वा खोटे, अधिकाधिक खरे वाटत जाते. जाहिरातीचा सारा व्यवहार या दोन निष्कर्षांवर चालू शकतो. एफटीएक्स या एक्स्चेंजने, म्हणजे कूटचलनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराने, २०२१ मध्ये मायामीच्या बास्केटबॉल मैदानाला आपले नाव देण्यासाठी १९ वर्षांचा, १३.५ कोटी डॉलरचा करार केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच एक्स्चेंज दिवाळखोरीत निघाले, कारण ग्राहकांच्या ठेवी संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवलेल्या होत्या. मैदानावरचे नाव आणि तिजोरीतली शिल्लक यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता, पण पाहणाऱ्याच्या मनात तो आपोआप जुळत होता.

म्हणून नवे कूटचलन उभे करणाऱ्यांनी ‘लोकांचा विश्वास कसा मिळवावा’ हा प्रश्न उलटा करून विचारला पाहिजे, असे माझे मत आहे. विश्वास ठेवण्याची गरज किती ठिकाणी मुळातच संपवता येईल, हे आधी पाहावे. आणि जिथे ती संपणार नाही, तिथे आपले हात आपणच, सर्वांदेखत, कसे बांधून घ्यावेत याचा विचार करावा. या दुसऱ्या भागाला अर्थशास्त्रात आणि जीवशास्त्रात जवळजवळ एकाच वेळी सिद्धांताचे रूप मिळाले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले की एखादा संकेत विश्वासार्ह ठरण्यासाठी तो देणे नालायक माणसाला लायक माणसापेक्षा अधिक महाग पडले पाहिजे. दोन वर्षांनी अमोत्झ झहावी यांनी मोराच्या पिसाऱ्याबद्दल तशाच धर्तीचा युक्तिवाद केला: एवढे ओझे बाळगूनही जो नर जगतो, त्याच्या ताकदीबद्दल वेगळी ग्वाही लागत नाही. सुंदर संकेतस्थळ, प्रसिद्ध चेहरा आणि भारदस्त श्वेतपत्रिका हे संकेत चोराला आणि सावाला सारख्याच किमतीत मिळतात. त्यामुळे त्यांच्यावरून दोघांत फरक करता येत नाही.

मग महाग संकेत कोणता? याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण बिटकॉइनच्या पोटात, फारसे कोणी पाहत नाही अशा जागी दडलेले आहे. बिटकॉइन ज्या एसएचए-२५६ या हॅश पद्धतीवर उभे आहे, ती कोणतीही माहिती घुसळून तिचा २५६ बिटांचा, म्हणजे २५६ शून्य-एकांचा, ठसा तयार करते. मूळ मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे बदलतो. या घुसळणीसाठी काही ठरावीक आकडे वापरावे लागतात. ही पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एका हेरखात्याने, तयार केली आहे. तेव्हा त्या आकड्यांत एखादी चोरवाट ठेवलेली नाही कशावरून, ही शंका रास्तच आहे. परंतु ते आकडे मनाने निवडलेलेच नाहीत. पहिल्या आठ मूळ संख्यांची, म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३, १७ आणि १९ यांची वर्गमुळे काढायची, त्यांचा पूर्णांकानंतरचा भाग घ्यायचा आणि त्याचे पहिले ३२ बिट वापरायचे. उरलेले ६४ आकडे पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून त्याच रीतीने येतात. गणित येणारा कोणीही हे आकडे घरी बसून पुन्हा काढू शकतो, आणि दोनचे वर्गमूळ कोणत्याही हेरखात्याला बदलता येत नाही. जादूगाराने खेळाआधी बाह्या वर सारून दाखवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

याच संस्थेशी संबंधित उलट उदाहरणही आहे. यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या ड्युअल ईसी या पद्धतीत दोन आकडे असे होते की ते कुठून आले याचा समाधानकारक खुलासा दिलेला नव्हता. २००७ मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या दोन संशोधकांनी दाखवून दिले की ते आकडे निवडणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असू शकते आणि तिच्या साहाय्याने पुढच्या साऱ्या संख्या त्याला आधीच कळू शकतात. किल्ली खरोखर आहे, हे त्यांनी सिद्ध केले नव्हते. ती असू शकते, एवढेच दाखवले होते. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ती पद्धत आपल्या शिफारशींतून वगळली. नव्या नाण्याच्या निर्मात्यांनी या दोन कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण त्यांच्यासमोरही असेच आकडे असतात: एकूण नाणी किती, त्यांतली संस्थापकांकडे किती, व्याजाचा दर कोणी आणि कशावरून ठरवला. ज्या आकड्यामागचे कारण सांगितलेले नसते, त्यामागे वाईटच कारण असेल असे नाही. परंतु संशयाला जागा न ठेवण्याची जबाबदारी आकडा निवडणाऱ्याची असते.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या बिटकॉइनच्या निर्मात्याने ही जाण पहिल्याच नोंदीत दाखवली. ३ जानेवारी २००९ या तारखेच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या पहिल्या पानात, त्या दिवशीच्या ‘द टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्रातला, बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याबद्दलचा मथळा गुंफलेला आहे. त्याचा राजकीय अर्थ अनेकांनी लावला आहे. तांत्रिक अर्थ मात्र साधा आहे. तो मथळा छापून येण्याआधी हा ब्लॉक तयार होऊच शकत नव्हता, म्हणजे निर्मात्याने महिनोन्महिने आधी गुपचूप नाणी काढून ठेवली आणि मग वही उघडली, असे झालेले नाही.

खातेवही उघडी असली तरी सगळे प्रश्न मिटत नाहीत, कारण पुष्कळशा कूटचलनांचे मोल वहीबाहेरच्या कशावर तरी अवलंबून असते. प्रत्येक नाण्यामागे एक डॉलर ठेवला आहे असे सांगणारी नाणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशी नाणी काढणाऱ्या टेथर या कंपनीने अनेक वर्षे अशीच ग्वाही दिली होती; अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला ४.१ कोटी डॉलरचा दंड केला तेव्हा असे नोंदवले की २०१६ ते २०१८ दरम्यानच्या २६ महिन्यांत केवळ २७.६ टक्के दिवशीच तिच्या खात्यांत पुरेशी रक्कम होती. डॉलर बँकेत असतो आणि बँकेच्या भिंतीपलीकडचे ब्लॉकचेनला, म्हणजे या खातेवहीला, दिसत नाही, हे यातले मूळ दुखणे आहे.

एक्स्चेंजांच्या बाबतीत या दुखण्यावर अर्धामुर्धा इलाज आहे आणि तो राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये सुचवलेल्या रचनेवर बेतलेला आहे. समजा, दहा लाख ग्राहक आहेत. प्रत्येकाचे खाते आणि शिल्लक मिळून एक हॅश, म्हणजे वर सांगितलेला ठसा, काढायचा, शेजारच्या दोन हॅशांची जोडी करून तिचा पुन्हा हॅश काढायचा, आणि असे वर वर जात शेवटी एकच हॅश उरेपर्यंत चालू ठेवायचे. हे झाड वीस पायऱ्यांचे होते, कारण दोनाचा विसावा घात दहा लाखांच्या किंचित वर जातो. कंपनी शेंड्याचा तो एक हॅश जाहीर करते आणि प्रत्येक ग्राहकाला त्याच्या वाटेवरचे वीस हॅश देते. एका हॅशला ३२ बाइट धरले तर हा सगळा पुरावा ६४० बाइटांत, म्हणजे छोट्याशा निरोपाएवढ्या जागेत मावतो. ग्राहकाने स्वतःच्या शिलकीच्या हॅशपासून सुरुवात करून वीस वेळा हॅश काढावा आणि उत्तर शेंड्याशी जुळते का ते पाहावे. जुळले, तर आपली रक्कम कंपनीने मान्य केलेल्या देण्यांत धरलेली आहे याची खात्री पटते, आणि तीही इतर कोणाची शिल्लक उघड न होता.

मात्र या झाडालाही कीड लागू शकते. कंपनीने झाडाच्या एखाद्या कोपऱ्यात बनावट ग्राहक घालून त्याच्या नावे उणे शिल्लक लिहिली, तर एकूण देणे कमी दिसते आणि कोणाच्याही वाटेवर ती लबाडी सापडेलच असे नाही. पुराव्याच्या दिवसापुरती उसनी नाणी आणून तिजोरी भरलेली दाखवणे तर त्याहून सोपे आहे. पहिल्या पळवाटेवर कोणतीही शिल्लक उणे नाही हे शिल्लक न उघडता सिद्ध करणारे गणिती पुरावे उपलब्ध झाले आहेत. दुसरीवर पुन्हा पुन्हा, अवचित वेळी तपासणी करण्यापलीकडे चांगला उपाय नाही. ‘राखीव साठ्याचा पुरावा उपलब्ध’ ही पाटी वाचून ज्याने प्रत्यक्ष वीस हॅश ताडून पाहिले, असा ग्राहक विरळाच असतो. पण थोड्यांनी तपासले तरी लबाडी पकडली जाण्याचा धोका वाढतो, आणि पद्धतीची भिस्त त्यावरच आहे.

व्यवहारांवर सही करण्याच्या गुप्त किल्ल्या किती हातांत आहेत, हाही प्रश्न कागदावर सोपा आणि व्यवहारात फसवा आहे. रोनिन या कूटचलनाच्या जाळ्यात व्यवहार मान्य करायला नऊपैकी पाच सह्या लागत. त्यांतल्या चार स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी दुसऱ्या संस्थेची होती. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा भार वाढल्यामुळे तिने कंपनीला आपल्या वतीने सही करण्याची तात्पुरती मुभा दिली होती, आणि पुढच्याच महिन्यात ती व्यवस्था थांबवली तरी दिलेली परवानगी काढून घ्यायचे राहून गेले. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोर कंपनीच्या यंत्रणेत शिरले तेव्हा त्यांना पाचही सह्या एकाच घरात मिळाल्या. ईथर या कूटचलनाची १,७३,६०० नाणी आणि अडीच कोटी डॉलरहून अधिक किमतीची दुसरी नाणी गेली, आणि चोरीचा पत्ता सहा दिवसांनी, एका ग्राहकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा लागला. नऊ हा आकडा जाहिरातीत छान दिसत होता. स्वतंत्र हात किती, हे कोणी मोजले नव्हते.

चुका मात्र सगळ्यांच्याच होतात. १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या ७४,६३८व्या ब्लॉकमध्ये, बेरजेच्या एका दोषामुळे, १८४ अब्जांहून अधिक नाणी निर्माण झाली. एकूण मर्यादा होती केवळ २ कोटी १० लाखांची. काही तासांत दुरुस्ती आली, वहीची ती शाखा सोडून देण्यात आली, आणि हे सारे उघड्यावर, चर्चा चालू असताना घडले. झेडकॅश या दुसऱ्या कूटचलनाच्या बाबतीत रीत वेगळी होती. खोटी नाणी काढता येतील असा दोष मार्च २०१८ मध्ये तिथे सापडला, मोजक्या लोकांनी तो गुप्त ठेवला, ऑक्टोबरमध्ये गाजावाजा न करता दुरुस्त केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. आधी बोभाटा झाला असता तर दोषाचा गैरफायदा घेतला गेला असता, हे खरे. पण तेवढे महिने लोक एका फुटक्या मडक्यात पाणी भरत होते, हेही खरे. मला दुसरी रीत समर्थनीय वाटते, कारण शेवटी तारखांसह सगळे सांगितले गेले. दोष सापडल्यावर काय करणार, किती दिवसांत सांगणार, हे नव्या नाण्याने सुरुवातीलाच लिहून ठेवले तर हा वाद उद्भवण्याचे कारण कमी होईल.

राहता राहिला संस्थापकांचा वाटा, आणि बहुतेक नव्या नाण्यांची खरी कसोटी इथेच लागते. नाकामोतोची म्हणून ओळखली जाणारी सुरुवातीची जवळजवळ सगळी नाणी इतक्या वर्षांत हललेली नाहीत. हा संकेत इतका महाग आहे की त्याची नक्कल करायला कोणी धजत नाही. त्याऐवजी आज संस्थापक आपली नाणी कालकुलपात ठेवतात: अमुक ब्लॉक येईपर्यंत ती हलणार नाहीत, असे प्रोग्रामच सांगतो आणि तो प्रोग्राम कोणालाही वाचता येतो. वाचताना एकच गोष्ट नेटाने शोधावी, ती म्हणजे कुलूप वेळेआधी उघडण्याचा किंवा प्रोग्रामच बदलण्याचा अधिकार कोणाच्या किल्लीला दिला आहे का. तो दिला नसेल, तर कुलूप उघडण्याचा दिवस सर्वांना वर्षभर आधीपासून माहीत असतो, आणि त्या दिवशी संस्थापकांच्या पत्त्यावरून किती नाणी निघून विक्रीसाठी एक्स्चेंजकडे गेली, हे वही उघडून कोणीही मोजू शकतो.