पाम डिझेल: 10 टन वाचवायला 40 टन

पाम तेलापासून बायोडिझेल करणं अवघड नाही. 100 किलो शुद्ध तेल 60 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून त्यात मिथेनॉल (प्रत्यक्षात साधारण 11 किलो खर्ची पडतं) आणि अभिक्रिया घडवायला थोडं सोडियम मिथॉक्साइड घालून ढवळायचं. जवळपास 100 किलो बायोडिझेल मिळतं, तळाशी ग्लिसरीन बसतं. तेलात पाणी राहिलं तर साबण होतो आणि सगळं फसतं. पण हवामानाचं खरं नुकसान कारखान्यात नाही, मळ्यात होतं.

इंडोनेशियाचं सुमात्रा बेट आणि कालिमंतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) यांच्या सखल भागात पीट जमीन आहे. हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा हा थर काही ठिकाणी 10 मीटरहून जाड आहे. पाणी आहे तोवर त्यातला कार्बन टिकून राहतो. पामच्या मुळांना हवा मिळावी म्हणून चर खणून पाणी 60-70 सेंमी खाली उतरवतात. मग जिवाणू थर खाऊ लागतात आणि हेक्टरी वर्षाला 40 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच हेक्टरातून तेल निघतं 3.5 ते 4 टन. त्याच्या बायोडिझेलने जेवढं खनिज डिझेल वाचतं, ते जाळल्यावर सुमारे 10 टन कार्बन डायऑक्साइड सुटला असता. म्हणजे 10 वाचवायला 40 घालवायचे! खतं आणि तेलगिरणीच्या सांडपाण्याच्या उघड्या तळ्यांतून सुटणारा मिथेन यात धरलेलाच नाही. शिवाय कोरडं पीट पेटतं. 2015 मध्ये इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळालं, त्यात पीटही मोठ्या प्रमाणावर होतं.

युरोपीय संघाने 2009 मध्ये वाहतुकीत 10 टक्के अक्षय ऊर्जेचं लक्ष्य ठेवलं आणि पाम डिझेललाही बाजार खुला झाला. नव्याने निचरा केलेल्या पीटवरचं तेल नको, अशी अट होती. पण जुन्या मळ्यांचं तेल युरोपला आणि नव्या मळ्यांचं इतरांना, एवढ्यावर अट पाळता येते. 2013 मध्ये इंडोनेशियाच्या बायोडिझेलवर शुल्क लागलं, 2018 मध्ये उठलं, 2019 मध्ये अनुदानाच्या कारणावरून 8 ते 18 टक्के पुन्हा लागलं. ही शुल्कं किंमत आणि अनुदान बघून लागतात. खनिज मातीवरचा, म्हणजे पीट नसलेल्या साध्या जमिनीवरचा लिटर आणि पीटवरचा लिटर त्यांना सारखेच.

युरोपने पाम डिझेलला दार बंद करूनही भागत नाही. युरोपची मोहरीवर्गीय रेपसीड टाकीत गेली, की खाद्यतेलाची उणीव पामच भरून काढतो. इंडोनेशियाने घरचीच मागणी वाढवली: डिझेलमधलं बायोडिझेलचं सक्तीचं मिश्रण 2020 मध्ये 30 टक्के, 2025 मध्ये 40 टक्के. पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, तेव्हा आपली कढईही या साखळीत येते.

म्हणून आमच्या मते मोजायला हवी ती मळ्यातली पाण्याची पातळी. इंडोनेशियाच्या 2016 च्या नियमानुसार लागवडीच्या पीटमध्ये पाणी 40 सेंमीपेक्षा खाली जाता कामा नये. त्यासाठी चरांवर पायरीपायरीने बांध घालतात, दोन बांधांतल्या पातळीचा फरक साधारण 20 सेंमी. फरक जास्त ठेवला तर पाणी बांधाच्या कडेने मऊ पीट कोरून वाट काढतं आणि ऐन कोरड्या महिन्यांत चर रिकामा होतो.