खिशातलं पिस्तूल आणि ती पाच मिनिटं

नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात शिकवत. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, कायदा काहीही म्हणो, माझ्या वर्गात पिस्तूल चालणार नाही. हा कायदा आदल्या वर्षी झाला होता. परवाना असलेल्या आणि २१ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही सरकारी विद्यापीठाच्या इमारतींत लपवलेलं पिस्तूल घेऊन वावरायला त्यानं मुभा दिली. टेक्ससच्या विद्यापीठसमूहाचे त्या वेळचे प्रमुख विल्यम मॅकरेव्हन यांचाही या कायद्याला विरोध होता. ते नौदलाचे निवृत्त अॅडमिरल, ओसामा बिन लादेनवरची कारवाई त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. शस्त्राला बिचकणारा हा माणूस नव्हे.

तरीही कायद्याच्या बाजूचे लोक जो प्रश्न विचारतात, तो उडवून लावता येत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांचा जीव घेतला. मरण पावलेल्यांत भारतातून गेलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही. त्या परिसरात शस्त्रबंदी होती. वर्गात अडकलेल्यांपैकी एकाकडे जरी पिस्तूल असतं तर? या प्रश्नातूनच विद्यापीठात पिस्तूल बाळगू द्या म्हणणारी विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली. त्यामागचं दुःख खरं आहे, म्हणूनच प्रश्न नीट तपासायला हवा.

अमेरिकेच्या एफबीआयनं २००० ते २०१३ या काळातल्या अशा १६० गोळीबारांचा अभ्यास केला. पोलीस नसलेल्या सशस्त्र व्यक्तीनं हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या आणि हल्ला थांबला, असं पाच वेळा घडलं. त्यातल्या चार वेळा ती व्यक्ती सुरक्षारक्षक होती, साधा परवानाधारक नागरिक फक्त एकदा. उलट निःशस्त्र लोकांनी झडप घालून हल्लेखोराला आवरलं, असं २१ वेळा झालं. बऱ्याच ठिकाणी शस्त्रबंदी असते, म्हणून पहिला आकडा लहान दिसतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण दुसरं कारण माणसाच्या शरीरात आहे.

जीवावर बेतलं की अॅड्रेनलिन उसळतं, हृदय धडधडू लागतं, हाताला कंप सुटतो. नजर एका बिंदूवर खिळते आणि बाजूचं दिसेनासं होतं. आवाज दूरवरून आल्यासारखे वाटतात. पळायला किंवा झटापट करायला ही अवस्था उपयोगी आहे, बोटाचं नाजूक काम करायला मात्र अजिबात नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या चकमकी ‘रँड’ या संशोधन संस्थेनं तपासल्या. समोरूनही गोळ्या येत होत्या, तेव्हा पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्याच लक्ष्याला लागल्या. हे रोज शस्त्र बाळगणारे, नियमित सराव करणारे लोक. टेक्ससमधला परवाना चार ते सहा तासांच्या वर्गावर आणि कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीच्या परीक्षेवर मिळतो. दोनशे मुलांच्या व्याख्यानकक्षात उरलेल्या गोळ्या कुठे जातील?

शिवाय धावत येणाऱ्या पोलिसाला कसं कळणार, पिस्तूल हातात धरलेला हा माणूस रक्षक की मारेकरी? जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडा शहरात एका नागरिकानं हल्लेखोराला टिपलं, आणि त्यानंतर आलेल्या पोलिसाच्या गोळीनं तो स्वतःच मेला. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिनच्याच विद्यापीठात मनोऱ्यावरून एक माजी सैनिक लोकांना टिपत होता, तेव्हा गावकऱ्यांनी घरून रायफली आणून खालून मारा केला. त्यामुळे त्याला कठड्याआड दडावं लागलं, याचा उपयोग झाला. पण त्याला मारायला वर चढलेल्या पोलिसांनाही त्याच गोळ्या चुकवाव्या लागल्या. टेक्ससचा नवा कायदा लागू झाला तो बरोबर ५० वर्षांनी, त्याच तारखेला.

वर्गावर्गांत चकमकी झडतील, ही विरोधकांची भीतीही खरी ठरलेली नाही. घडले ते अपघात. आयडाहो राज्यात असाच कायदा लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल वर्गातच उडालं आणि गोळी त्याच्या पायात घुसली.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र ज्यावर दोन्ही बाजू कमी बोलतात त्याची, आत्महत्येची. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. ह्यूस्टनमध्ये १३ ते ३४ वयोगटातल्या, जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांशी संशोधक बोलले. विचार मनात येणं आणि प्रत्यक्ष कृती यांत किती वेळ गेला? जवळपास चौघांतल्या एकानं सांगितलं, पाच मिनिटांहून कमी. ही लाट ओसरते. अशा प्रयत्नातून जगलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. पण बंदूक हाताशी असेल तर लाट ओसरायला सवडच मिळत नाही, दहातले जवळपास नऊ प्रयत्न प्राणघातक ठरतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा इस्रायलच्या सैन्यातून आला. तिथले बहुतेक सैनिक १८ ते २१ वर्षांचे, म्हणजे कॉलेजच्याच वयाचे. सुट्टीला घरी जाताना ते रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये ती तळावरच ठेवण्याचा नियम झाला, आणि त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. घट झाली ती मुख्यतः आठवडी सुट्टीतल्या आत्महत्यांत, इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही. मुलं तीच, त्यांचे ताणही तेच होते. शस्त्र तेवढं त्या सुट्टीत हाताशी नव्हतं. कायद्यातल्या २१ वर्षांच्या अटीनं ही जोखीम संपत नाही, कारण आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि वसतिगृहाच्या एका खोलीत दोघं राहतात, एकाचं पिस्तूल दुसऱ्याच्याही हाती लागू शकतं.

अशा संशोधनाची अमेरिकेत मोठी आबाळ झाली. १९९६ मध्ये तिथल्या संसदेनं आरोग्य संस्थेच्या बंदूकविषयक अभ्यासावर बंधनं घातली, आणि पुढे वीसहून अधिक वर्षं त्यासाठी सरकारी पैसा जवळजवळ आटला. डिसेंबर २०१९ मध्ये अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. इतक्या मोठ्या प्रश्नासाठी ही रक्कम फार तोकडी आहे.

टेक्ससच्या कायद्यात एक फट आहे आणि ती मोलाची आहे. कुठे बंदी ठेवायची, याचे वाजवी नियम प्रत्येक विद्यापीठ करू शकतं. ऑस्टिननं वसतिगृहांच्या खोल्यांत काही अपवाद सोडून पिस्तूल ठेवायला मनाई केली. माझ्या मते वर्गातल्या बंदीपेक्षा ही बंदी अधिक जीव वाचवेल. पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांना विद्यार्थी व्हिसावर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, पण खोलीतल्या जोडीदाराला ती बाळगता येऊ शकते. प्रवेश घेताना फी आणि शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहाचा हा नियमही विचारून घ्यावा. आणि मन फार खचलं तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ या क्रमांकांवर दिवसरात्र कोणीतरी बोलायला असतं, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावं.